सोनू शाहिराचा सवाल

कोकणातल्या जाखडी नाचाचे नामवंत शाहीर सोनू गोताड वारले, म्हणून रत्नागिरीत त्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता. माईक नाही, नुसती ढोलकी आणि झांजा. रांगेत मोबाइल बघत उभ्या असलेल्या समीक्षाच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"आत गप बसायचं हां. लोक म्हणतील, जन्मभर भांडलात, आता तरी सोडा."

"भांडलो कुठं? तो शक्तीवाला, मी तुरेवाला, जाखडीतली दोन तटं. त्यानं गाण्यात सवाल टाकायचा, मी गाण्यात जबाब द्यायचा."

"भर मांडवात त्यांची अब्रू काढायचात."

"त्यानं माझी कमी काढली? पण सामन्याची बारी संपली की जेवायला शेजारीच बसायचो."

"मग आता पुरे झालं ना?"

"पुरं कसं? पावस गावच्या बारीत त्यानं शेवटचा सवाल टाकला नि मला जबाब सुचला नाय. म्हटलं, पुढल्या गणपतीत देतो. तर हा थांबलाच नाय."

"आता सुचलाय?"

"त्याच्या तेराव्यालाच सुचला. जेवता जेवता."

"नि मला बोलला नाहीत ते?"

"तुला सांगून काय, तुळसा? ज्याचा सवाल, त्याच्या तोंडावर जबाब द्यायचा असतो. आत फोटो तरी असंल ना त्याचा?"

समीक्षाने मोबाइल पर्समध्ये टाकला. रांग पुढे सरकली. म्हातारीने नवऱ्याची टोपी सारखी केली.

"चला, पुढच्याच खुर्च्या धरू. माईक नाय, नि तुमचा आवाज आता मागून फोटोपर्यंत पोचायचा नाय."