कणभर साखर

"हॅलो?… हो, हो, मुलुंडच… नाशिकहून? जोडा ना, लवकर जोडा… हॅलो! मालन?"

मालन म्हणजे सुगंधाची धाकटी नणंद. मालनचा दादा, म्हणजे सुगंधाचा नवरा नंदकिशोर, आज पहाटे साडेपाचला वारला होता, आणि तिला गेलेल्या तारेत लिहिलं होतं, 'सिरियस, ताबडतोब ये.' माणूस गेला असं तारेत सरळ लिहायचंच नाही, ही आपली रीत! तार केली होती तळमजल्यावरच्या भाऊंनी. फोनही त्यांचाच. आणि आता ते सुगंधापुढे उभे राहून हातानं खुणावत होते: सांगू नको, पोरीला एकटीनं यायचंय.

"मिळाली ना तार?… आहेत. म्हणजे… बरं नाही. तू ये… अगं ऐक ना, आधी रडू नको… काल दुपारी… नाही गं, छातीत नाही दुखलं. साखरेचंच… ते इन्शुलिनचं इंजेक्शन सुरू केलं ना डॉक्टरांनी, महिना झाला. सकाळी मीच टोचलं. रोज मीच टोचते… आणि काल नेमका श्रावणी सोमवार."

"…हो, उपास! ऐकतात होय कुणाचं? मुंज झाल्यापासून धरलाय म्हणे… डॉक्टरांना? उपासाचं काय विचारायचं डॉक्टरांना!… इंजेक्शन घेतलं की पोटात अन्न लागतंच, हे मला कुठे ठाऊक होतं?… केळंसुद्धा नाही. नुसता बिनसाखरेचा चहा."

"…तीनला दरदरून घाम फुटला. बनियन पिळून घ्यावा इतका. हात थरथरायला लागले, काहीबाही बडबडायला लागले. मला आई म्हणाले… हो, मला! आणि साखर मागायला लागले…"

भाऊंचा हात खुणावून खुणावून दुखून आला असेल. पण बाईचं आता त्यांच्याकडे लक्षच नव्हतं.

"…नाही दिली! कणभर नाही दिली, मालन. साखरेचा डबा मी मांडीवर घेऊन बसले. ते हात जोडत होते गं, 'चिमूटभर दे, सुगंधा.' आणि मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, लाज नाही वाटत? विष आहे ते तुम्हाला… काय?… शाब्बास काय म्हणतेस! शाब्बास म्हणू नको मला!"

भाऊ रिसीव्हर घ्यायला पुढे झाले. तिनं त्यांचा हात झटकला.

"तीच हवी होती त्यांना! अंगातली साखर पार उतरली होती, डॉक्टर म्हणाले. हॉस्पिटलात शिरेतून देत राहिले, पण शुद्धच आली नाही. दुपारी दोन चमचे पाण्यात कालवून पाजली असती ना, तर… तर आज जिवंत असता गं तुझा दादा."

भाऊंनी खुणावणारा हात खाली घेतला.

"मालन?… हॅलो?… हो. गेले. पहाटेच गेले… घरी आणलंय. बर्फ मागवलाय, तुझ्यासाठी चारपर्यंत थांबवून ठेवतो… अहो ऑपरेटर, तीन मिनिटं झाली तर आणखी तीन द्या ना! कुठे पळून चाललोय आम्ही?… हां, बोल… काय? कुणी सांगितलं म्हणजे?"

सांगितलं होतं मालननंच. तिचे सासरे साखरेच्या आजारानं गेलेले, त्यांचे हाल तिनं डोळ्यांनी पाहिलेले. म्हणून जूनमध्ये तिनं जीव तोडून पत्र लिहिलं होतं, 'वहिनी, दादा पाया पडला तरी साखरेचा कण देऊ नकोस. तुला माझी शपथ.' सुगंधानं ते पत्र देवाच्या फळीवर ठेवलं होतं. शपथ ती शपथ.

क्षणभर सुगंधाला वाटलं, सांगून टाकावं. निदान अर्धं तरी ओझं उतरेल.

"कुणी नाही गं… कुणी नाही सांगितलं. माझंच डोकं… छे, कुठलं पत्र?… नाही, तसलं काही नव्हतं त्यात. खुशालीचं होतं, आणि धाकट्याला दात आले ते… हो गं, मला पक्कं आठवतंय. भलतंसलतं मनात आणू नको… चहा घेऊन निघ. खिडकीशी बस… मालन, ऐकतेस ना?… हॅलो?… हॅलो?"