मानाच्या क्रमानं धावलेली गाडी

मंडळी, ऐका! माझी बायको इंदू गेली हे गावाला कळलं, त्या दुपारी आपल्या देवस्थानची रुग्णगाडी वरच्या वाडीत उभी होती. गावकरांच्या अंगणात! आणि इंदू खालच्या वाडीत, आमच्या ओटीवर.

आज अभंग नाही, चाल नाही. पेटीवाले, हात काढा पेटीवरून! साधा प्रश्न आहे — दोघांनी एकदम हाक मारली, तर आधी धावायचं कुणाकडे?

सोपं वाटतं ना? आपल्या गावाला उत्तर आलं नाही!

गाडी एकच. आजारी माणसाच्या घरच्यांनी मोबाइलवर कळवायचं. मग चालक सहदेवच्या मोबाइलवर नावं लागतात. ज्याचं नाव वर, त्याच्याकडे गाडी आधी. त्या दुपारी नावं दोन. एक माझी इंदू, छातीत कळ. दुसरे गावचे पहिले मानकरी, गावकर भिकाजीरावांचे जावईबापू. बॅडमिंटन खेळायला गेले आणि पाय मुरगळला!

हसा, हसा. जावई लंगडला की सगळं घर लंगडतं!

मी सहदेवला फोन लावला. "अरे, निघालास का?"

"निघालो बुवा. पण आधी वरच्या वाडीत. त्यांचं नाव वर लागलंय."

"काय झालंय त्यांना?"

"पाय मुरगळलाय म्हणतात."

"सहदेवा, इथं इंदू घामानं भिजलीय! वळव गाडी!"

"बुवा, क्रम मोडला तर उद्या मला घरी बसवतील. मीच का पहिला मोडू?"

इंदूनं ऐकलं. म्हणाली, "ओरडू नका हो त्याच्यावर. येईल तो." तेवढंच बोलली. पुढं बोलली नाही.

आता म्हणाल, बुवा, नशीब! नाही मंडळी! नशिबाच्या गळ्यात कशाला घालता? ही माणसानं लावलेली रांग होती!

दिवसकार्य झालं आणि केतकी आली. आपल्या गुरवांची सून. संगणक शिकलेली, गाडीचा प्रोग्रॅम तिनंच केलेला. उंबऱ्यातच उभी राहिली.

"बुवा, चूक माझी आहे. आत येऊ का?"

"ये. काय चूक?"

"तातडी मी घातली होती. पण यंत्रानं ती उघडूनच बघितली नाही."

मला काय कळणार? तिनं फडताळातले डबे काढले. म्हणाली, "प्रत्येक आजारी माणूस म्हणजे एक मोठा डबा. त्यात लहान डबे, एकामागं एक. पहिल्यात वाडीचा मान. दुसऱ्यात भावकीचा मान. तिसऱ्यात घराचा. आणि शेवटच्यात, त्याला किती तातडी आहे ते."

"हा क्रम कुठून आणलास?"

"गावानं दिला. पालखी ज्या क्रमानं घरोघरी जाते, तीच यादी देवस्थानानं हातात ठेवली. मी होती तशी भरली."

बघा! आपल्याच गावात होईल असली चूक! पालखीची रांग उचलली आणि रुग्णगाडीला जोडली!

"पण तातडी होती ना आत?" मी विचारलं.

"होती. पण बुवा, यंत्र दोन माणसं शेजारी ठेवतं आणि दोघांचा पहिला डबा उघडतं. तिथंच फरक दिसला की निकाल! पुढचे डबे उघडतच नाही. पहिला सारखा निघाला तरच दुसरा. दुसरा सारखा, तरच तिसरा."

"मग आधी तपासलं नव्हतंस?"

"तपासलं होतं. आमच्याच घरातली नावं घातली. वाडी एक, भावकी एक, घर एक. सगळे डबे सारखे, म्हणून यंत्र शेवटच्या डब्यापर्यंत पोचलं आणि जास्त तातडी घातलेल्या सासूबाईंना बरोबर वर घेतलं. मला वाटलं, जमलं." आणि रडायला लागली.

मी म्हटलं, "रडू नकोस. काय करायचं ते सांग."

"तातडीचा डबा पहिला ठेवायचा. एका ओळीचं काम आहे. पण देवस्थानच्या परवानगीशिवाय ते गाडीवर जात नाही."

गेलो बैठकीला. भिकाजीराव म्हणाले, "बुवा, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण देवीनं घालून दिलेला क्रम आहे."

"पालखीचा, भिकाजीराव! गाडीचा नाही!"

"आज गाडीचा मोडाल, उद्या पालखीचा मोडाल."

"पालखी तुमच्या दारात पहिली येऊ द्या! मी खांदा देतो! पालखी दारात उशिरा आली तर नारळ तासभर थांबतो. छाती थांबत नाही!"

परवानगी काही मिळाली नाही. चहा आला. चहासुद्धा मानानंच फिरला, मंडळी! माझ्यापर्यंत येईतो गार!

काय भिकाजीराव? आख्यान पुरे, आरती घ्या म्हणता? घ्या की! पहिला मान तुमचाच आहे, तबक धरा. पण माझं तोंड तुमच्या तबकानं बंद होणार नाही! वाघजाई देवीसमोर उभा आहे. बोलू नको म्हणायचं असेल तर तिनं म्हणावं!

आणि तुम्ही खालच्या वाडीतले, माना कसल्या डोलावता? दारात कुणी आलं की पहिलं काय विचारता? "कुठल्या वाडीतला? कुणाच्यातला?" मग पाणी! तो तहानेला आहे का, हा डबा तुम्ही तरी कधी पहिला उघडला? यंत्रानं नवीन काही केलं नाही. आपण करतो तेच केलं, फक्त पटकन!

माझी इंदू परत येत नाही. पण उद्या दुपारी तुमच्यापैकी कुणाच्या छातीत कळ येईल, आणि त्याच वेळी वरच्या वाडीत कुणाचं बोट कापेल. तेव्हा गाडी कुठं जाईल, ते आत्ता ठरवा! या सभामंडपात!

केतकी तिथं खांबाजवळ बसली आहे. तिनं ओळ बदलून ठेवली आहे. गाडीवर ती ओळ अजून चढलेली नाही.