शंभर बाळंतपणांचा नियम

सन्माननीय अध्यक्ष, आरोग्य विभागाच्या संचालक श्रीमती मॅक्एलरॉय, व्यासपीठावरील पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती ऑर्लीन टिब्स, आणि केकवर नजर ठेवून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

ऑर्लीनबाईंनी या राज्यासाठी एकतीस वर्षं नियम लिहिले. मेडिकेडच्या, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याच्या रुग्णांसाठी विमा कंपन्यांनी रुग्णालयांना पैसे कसे द्यावेत, याचे नियम. असलं लिखाण हौसेनं कोण वाचतं? मी त्यांचा वरिष्ठ. मीही कित्येकदा न वाचताच सही ठोकली. (संचालकबाई, हे इतिवृत्तात नको.)

नऊ वर्षांपूर्वी आम्ही एक मसुदा काढला. वर्षाला शंभरहून कमी बाळंतपणं होणाऱ्या रुग्णालयांना प्रत्येक बाळंतपणामागे मिळणारा जादा दर बंद. जाहीर सुनावणी ठेवली. कुणी फिरकलं नाही. तीन वाजता मी म्हणालो, "चला, आटोपलं."

"नोटिशीत पाच लिहिलंय," ऑर्लीनबाई म्हणाल्या आणि विणकाम काढून बसल्या.

पावणेपाचला डनमोर काउंटीच्या रुग्णालयातल्या परिचारिका वेल्डा क्रॅब्ट्री आल्या. कामाची पाळी संपवून, चार तास गाडी हाकत, गणवेशातच.

"साहेब, गेल्या वर्षी आमच्याकडे सत्त्याऐंशी बाळं झाली. जादा दर गेला की प्रसूतिकक्षाला कुलूप. पुढचं रुग्णालय दीड तासावर, घाटापलीकडे. बाळ घाटातच झालं, तर नाळ कापायला तुमचा नियम येणार का?"

ऑर्लीनबाईंनी एवढंच विचारलं, "बर्फात रस्ता बंद होतो?"

"महिनाभर तरी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मसुदा मागे घ्यायचं टिपण माझ्या टेबलावर ठेवलं. मी भडकलो. "एका बाईसाठी? सगळं तीन महिने मागे जाईल!"

"एकच आली, कारण बाकीच्या बाळंतपणं करतायत. तुम्हाला जुनाच मसुदा हवा असेल तर खुशाल सही करा. माझं नाव तेवढं खोडा."

मी सही केली, पण त्यांच्या टिपणावर. नव्या नियमात बाळं मोजली नाहीत. पुढच्या रुग्णालयाचं अंतर मोजलं. डनमोरचा कक्ष आजही चालू आहे. वेल्डाबाई तिसऱ्या रांगेत बसल्यात. आज सकाळीच तिथं जुळी झाल्याचं सांगत होत्या.

ऑर्लीनबाई, विभागातर्फे आणि त्या सगळ्या आयांतर्फे तुमचे आभार. मंडळी, तुम्ही शांतपणे ऐकलंत, तुमचेही. बोलण्यात काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घ्या. एवढ्या वर्षांत ऑर्लीनबाईंनी न तपासलेलं माझं हे पहिलंच लिखाण आहे.