मुंग्या आलेला हात

तान्ह्याला मांडीवर थोपटत ती दवाखान्यात बसली होती. शेजारी अर्धांगवायूनं उजवा हात लुळा पडलेले शिंपीकाका आणि काकू. काकांच्या मनगटावरचं विजेचं यंत्र उपचार करणाऱ्या बाईंनी नुकतंच काढलं होतं.

काका काकूंना म्हणाले ते तिच्या कानावर पडलं, "नुसत्या मुंग्या आणतं गं ते. हात काही हलवत नाही."

"हलवायचा तुम्हीच! मुंग्यांनी हात जागा होतो, मग लगेच कामाला जुंपायचा, असं बाई म्हणाल्या ना?"

"कात्री धरवत नाही, जुंपू कशाला?"

"कात्री राहू दे. डोळे मिटा. या बोटांखाली काय आहे?"

"सुती."

"लबाड! डोळे किलकिले केलेत."

"नाही गं. तुझी बाही आहे. उसवलीय."

"कुठं? अगंबाई, खरंच की!"

"घरी चल. सुई तू ओव, टाके मी घालतो."