लडाखचा आहेर

आमचे बाबा लडाखले पहाड पाहाले गेले अन् सोयरे जोडून आले बाप्पा! मी त्यायले अन् मायले घेऊन गेलतो. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी उतरलो. खिडकी उघडली का समोर बर्फाचा डोंगर! बाबा रोज पाहतच राह्यचे, हातातला चहा थंडगार व्हायचा.

निघतानी घरवाल्या काकानं बाबाच्या गळ्यात पांढरा रेशमी पट्टा घातला. तिकडं पाहुण्याले तसाच मान देतात. पण बाबा पडले पुसदचे!

"आहेर घेतला, आता रिकाम्या हातानं कसं निघाचं?" म्हणत त्यायनं आपला दुपट्टा काढला अन् काकाच्या डोक्याले बांधून देल्ला. "हमारी धूप में यही काम आता है, भाऊ!"

मंग काकूनं मायले वाळलेल्या जर्दाळूची पिशवी देल्ली. मायनं तिले कुंकू लावलं अन् उरलेले तिळाचे लाडू तिच्या ओटीत टाकले. काकू पुन्हा आत पळाली. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवून राह्यला.

मी म्हटलं, "बाबा, विमान जाईन!"

"जाऊ दे. आधी परतफेड होऊ दे."

कायची परतफेड! काकूनं लोकरीचे मोजे आणले, अन् आमच्या बॅगेत द्यायले काहीच उरलं नव्हतं. शेवटी बाबा म्हणे, "अब आप पुसद आइए."

परवा काकाचा फोन आला, "मई में आ रहे हैं."

बाबा घाबरलेच. "मई में मत आओ, आग बरसती है यहाँ!"

काका हसले. "आपका दुपट्टा है न."