मध्येच आमेन

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं ताई, तू! बोल, बोल, येतोय आवाज. थांब जरा, फोन मिठाच्या डब्याला टेकवून ठेवते, हातात डाव आहे… हां, आता बोल.

…काय? तुला कोणी सांगितलं?… ग्रुपवर? आपल्या मंडळीच्या ग्रुपवर? धन्य आहे! आम्हाला इथे येऊन आठवडा नाही झाला, आणि बातमी समुद्र ओलांडून तुझ्या स्वयंपाकघरात पोचली? आमच्याबरोबर आलेल्या नर्सबाईंचं काम हे. त्यांच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.

हो… हो, खरं आहे. अगं, नाकारतेय कुठे मी? यांची प्रार्थना चालू होती आणि मी मध्येच 'आमेन' म्हटलं… मोठ्यानं. पातेल्यावर डाव आपटून… हो, सगळ्यांसमोर. आणि गंमत सांगू? सवयच ना, मागोमाग आपली सगळी टीमपण म्हणाली, 'आमेन!' यांचं वाक्य हवेतच राहिलं.

ताई, तू हसतेयस की रडतेयस?… बरं, रागावलीयस. रागाव. पण आधी ऐकून घे.

अगं ऐक ना! पाळकांना थांबवलं म्हणतेस, ते कशासाठी ते तर ऐक. या हॉलसमोर शिवणाचा कारखाना आहे. त्यातल्या मुली कुठून कुठून आलेल्या, एकेका खोलीत आठ-आठ जणी, आणि खोलीत चूल पेटवायला मनाई. दुपारी भोंगा झाला की अर्ध्या तासाची सुट्टी. त्या अर्ध्या तासात रस्ता ओलांडायचा, रांग लावायची, जेवायचं आणि परत मशीनवर. एक मिनिट उशीर झाला तर गेट बंद. त्यांना गरम जेवण द्यायला म्हणून आपण आलो ना? त्यासाठीच वर्षभर चर्चमध्ये पिशवी फिरवली ना?

काका, आच बारीक करा हो जरा! खाली लागेल… ड्रायव्हरकाका गं. गाडी मिळायची आहे अजून, तोवर बिचारे पाव कापतायत.

तर काय सांगत होते… हां, प्रार्थना. पहिल्या दिवशी हे उभे राहिले. हात पसरले. डोळे मिटले. आणि तुला यांची प्रार्थना ठाऊकच आहे… हो ना, अनाथ, विधवा, आजारी, प्रवासी, कोणी म्हणून सुटत नाही. बरं, इथे ते एकटे नाहीत, दुभाषी आहे शेजारी. इथल्या शाळेतले मास्तर. हे एक वाक्य म्हणणार, की मास्तर तेच इथल्या भाषेत म्हणणार. म्हणजे नमनाला एक नव्हे, दोन घडे तेल! आणि समोर मुली हातात ताट घेऊन उभ्या. सूप निवतंय. पहिल्या दिवशी चार-पाच निघून गेल्या. मला वाटलं, जेवण आवडलं नसेल. दुसऱ्या दिवशी अर्धी रांग गेली.

…अगं, सांगितलं ना यांना! त्याच संध्याकाळी सांगितलं. गोडीत सांगितलं, पाय चेपता चेपता सांगितलं. म्हणाले, 'आभार मानल्याशिवाय अन्न वाढू? आपण हॉटेल काढलंय का?' ती म्हण अगदी जिभेवर आली होती माझ्या. पाळकाची बायको पडले ना, निम्मीच म्हटली. आधी पोटोबा… पुढची गिळली. तरी कळली यांना. कूस बदलून झोपले.

मग काल… काल काय झालं, ते नर्सबाईंनी लिहिलं नसेल. एक मुलगी होती रांगेत. आपल्या धाकटीएवढी असेल. बोटाला सुई लागलेली, चिंधी बांधलेली. अगदी पुढे होती, माझ्यासमोर. हे विधवांपर्यंत आले होते. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि ताट… ताई, तिनं ते ताट पुसलं गं ओढणीनं, कोरडंच होतं तरी, आणि परत चळतीवर नीट ठेवून गेली. रागावली असती तर बरं वाटलं असतं मला. आपण तिच्यासाठी प्रार्थना करतोय, आणि ती आपल्यामुळे उपाशी जातेय! मी डाव आपटला, आणि तोंडातून गेलंच. आमेन!

…नाही. नाही मागणार माफी… ताई, तू कितीही सांग. त्यांना दुखावलं, त्याचं वाईट वाटतंय मला. रात्रभर वाटलं. पण 'आमेन' परत घेणार नाही. प्रभूनं त्या डोंगरावर एवढ्या लोकांना जेवू घातलं, तेव्हा काय संध्याकाळपर्यंत डोळे मिटून बसला होता? आभार मानले, भाकर मोडली, वाटली. मी काय नवीन सांगतेय?

…बोलत नाहीत ना! कालपासून शब्द नाही. सगळं मास्तरांमार्फत. 'मास्तर, यांना विचारा, माझा टॉवेल कुठे आहे.' मास्तर बिचारे मराठीतलं मला मराठीतच सांगतायत! आणि आज सकाळी तर चहासुद्धा न घेता बाहेर पडले, मास्तरांना घेऊन. कुठे गेले, सांगितलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात चहा न घेता हा माणूस उंबऱ्याबाहेर पडला नाही गं कधी… नाही, मी कशाला रडतेय? कांदा?… कांदा केव्हाच चिरून झाला. बरं, रडतेय थोडी. त्यात काय!

पण तू म्हणतेस तसं गाशा गुंडाळून परत नाही यायचं मला. मुळीच नाही. अगं, हा हॉल ज्यांच्या ताब्यात आहे ना, त्या चावीवाल्या बाई… काल आल्या, माझ्या 'आमेन'पर्यंत रांग पांगलीच होती, रिकामी टेबलं बघितली, उरलेलं सूप बघितलं. म्हणाल्या, 'उद्याचा एक दिवस बघते. उद्याही मुली आल्या नाहीत, तर हॉल सोडा, दुसरे लोक वाट बघतायत.' …आजच गं. उद्या म्हणजे आजच. आणि खोलीखोलीतून बोलणं पसरलंय म्हणे, तिकडे जाऊ नका, तिथे जेवण नाही, नुसतं ताटकळणं आहे.

…मी ठरवलंय. भोंग्याआधीच आम्ही सगळ्यांनी स्वयंपाकघरात प्रार्थना करून घेतली… कोणी म्हणजे? मीच केली. दोन वाक्यं. काका म्हणाले, 'एवढीच?' म्हटलं, 'त्याला ऐकू जातं.' आता दार उघडलं की पहिलं ताट भरायचं, बस. हे आले आणि हात पसरून उभे राहिले, तरी माझा डाव थांबणार नाही. मग काय व्हायचं ते होऊ दे. चिडू देत. जन्मभर मास्तरांमार्फत बोलू देत.

…हो, कळतंय मला, भांडण घरचं आणि शोभा परदेशात. आपलेच दात, आपलेच ओठ. पण ती मुलगी…

ऐकलंस? ऐकलंस ना? भोंगा! हा भोंगा झाला… नाही, ठेवू नकोस. राहा फोनवर.

नर्सबाई, दार उघडा!… दोन्ही फळ्या! मोबाइल ठेवा तो खाली, ग्रुपला नंतर सांगा!

…कोणी नाही गं. रस्ता मोकळा. ड्रायव्हरकाका खिडकीत उभे आहेत… काका, दिसतंय का काही? कारखान्याचं गेट उघडलं ना?… उघडलंय म्हणतात. मुली बाहेर पडल्यात. पण येत नाहीयेत इकडे. तिथेच गेटपाशी घोळका करून थांबल्यात… कशाला थांबल्या, काका?… काय?… कोण आहे म्हणता?

ताई… अगं, हे आहेत तिथे. गेटवर. मास्तरही आहेत… काका म्हणतायत, हे मनगटावरचं घड्याळ दाखवतायत मुलींना. मग हॉलकडे बोट दाखवतायत. मग… काका, नीट बघून सांगा, थट्टा नको!… कान धरलेत म्हणे. दोन्ही कान. पाळक माणूस, भर रस्त्यात, पोरीबाळींसमोर कान धरून उभा!… हसतायत म्हणतात मुली. हसतायत, आणि… येतायत? येतायत, काका?

येतायत गं! ताई, पळत येतायत!

थांब, बोलू नकोस, ताटं… या, या गं, या… पाव उचल, हां… पुढे चल… नर्सबाई, वाट्या! वाट्या आणा!… ताई, आहेस ना? ती आलीय. चिंधीवाली. तिसरीच आहे रांगेत… दिलं. वाढलं तिला. भरून वाढलं. बसली बघ कोपऱ्यात… जेवतेय. अगं, किती भरभर जेवतेय.

…हे? हे आले ना. बाह्या सरसावून माझ्या शेजारीच उभे राहिलेत. पाव वाढतायत… नाही, हात नाही पसरले. डोळेही उघडेच आहेत… थांब, ओठ हलतायत… ऐकू दे मला… अगं बाई! प्रार्थनाच चालू आहे! तीच, सगळी, काही म्हणून गाळलेलं नाही. पण एका ताटाला एकच वाक्य. पाव ठेवायचा, अनाथ म्हणायचं. पुढचं ताट, विधवा. मास्तर मागे गुपचूप पाणी देतायत, आज त्यांना भाषांतराची सुट्टी. आणि रांग कुठे थांबत नाहीये, ताई. सरकतेय पुढे. दारातून चावीवाल्या बाई बघतायत… काय माहीत, चावी कमरेला आहे आणि हातात ताट घेतलंय त्यांनी. रांगेत उभ्या राहिल्यात!

…अं? नाही, तुला नाही गं, हे काहीतरी म्हणाले… मला. मलाच म्हणाले, मास्तरांना नाही…

काय हो?… परत म्हणा?

ताई, विचारतायत… विचारतायत, 'आज आमेन कधी म्हणायचं, ते सांगशील का?'

…शेवटचं ताट गेलं की म्हणा! आणि चहा ठेवलाय, झाकून! गार झाला असेल, तरी तोच प्यायचा!

ताई, ठेवते. दोन्ही हात लागतायत इथे.