लांगऱ्याचा खांदा

मंडळी, आज एकच प्रश्न आणलाय. साधा आहे. मान मागून घ्यावा का हो?

बघा, लगेच माना हलल्या! "छे छे बाई, मागितला तर तो मान कसला!" वा! लग्नात मानाच्या साडीचा पदर अंगावर नीट टाकला नाही म्हणून नणंदेशी अबोला धरून बसलेल्यासुद्धा माना हलवताहेत! हलवा, हलवा. पण कथा ऐका, आणि मग पुन्हा हलवा.

माणदेशात पिंपळसोंडी नावाचं गाव. पाऊस कमी, दगड जास्त. आणि त्या दगडांत पिकतं काय? शिपाई! घरटी एक माणूस पलटणीत. गावाचा देव भैरोबा. चैत्रात त्याची यात्रा, आणि यात्रेच्या दिवशी पालखी ओढ्यावर अंघोळीला निघते. आता पालखीची मागची दांडी कुणीही धरावी. पण पुढची? पुढच्या दांडीला खांदा फक्त लढाईत उतरलेल्याचा! नुसता फौजेत होता, पगार घेतला, पेन्शन खाल्ली – चालणार नाही. पाटील असो, आमदार असो – मागं! गोळीसमोर उभा राहिला असेल तो – पुढं! हा नियम काही भैरोबानं घातलेला नाही. माणसांनी घातलेला. म्हणून तर इतका कडक!

त्या गावात येसूनाना शेडगे. एकाहत्तरच्या लढाईत होता. पण कोण म्हणून होता? लांगरी म्हणून! लांगरी म्हणजे पलटणीचा आचारी हो. बाकीच्यांच्या खांद्यावर बंदूक, याच्या हातात झारा.

नाना दर यात्रेला पारावर यायचा आणि म्हणायचा, "मी लढलोय. मशीनगन चालवलीय या हातांनी. मला पुढचा खांदा द्या."

आणि पारावरनं उत्तर यायचं, "व्हय व्हय नाना! पुऱ्या फेकून मारल्या असशीला! फुगलेल्या का चपट्या?"

मग सगळे हसायचे, आणि वर त्यालाच सांगायचे – "बरं ते ऱ्हाऊ द्या, शिऱ्याची कढई चढवायचीय, चला!" आणि नाना जायचा. शिरा करायचा. गाव बोटं चाटायचं. खांदा मात्र कुणी द्यायचं नाही.

आता यात नानाचीही एक चूक झाली बरं का. पहिल्या वर्षी त्यानं साधंच सांगितलं – सकाळ होती, जेवण घेऊन पुढच्या खंदकात गेलो, मशीनगनवाला पडला होता, मी गनवर बसलो. ऐकणाऱ्यांनी जांभई दिली. जांभई! दुसऱ्या वर्षी नानानं गोष्टीला जरा फोडणी घातली. म्हणाला, जयजयकार करत गनवर बसलो! दोघं जागे झाले. मग नानाला चव कळली. पुढं संगीन आली. मग दुश्मनावर धाव आली. एका यात्रेला तर रणगाडा आला! बिचारा रणगाडा, त्या खंदकापुढच्या चिखलात कुठनं आला त्याचं त्यालाच ठाऊक! आचाऱ्याचाच हात तो, मंडळी. एकदा मसाला पडायला लागला की थांबतोय थोडाच?

पण झालं काय – गोष्ट जितकी झणझणीत, तितका विश्वास कमी. शेवटी नानानं पलटणीकडंच अर्ज केला. पलटणीनं दखल घेतली. त्या खंदकातला एकच माणूस हयात होता. बेळगावकडचा, हवालदार बसाप्पा हुक्केरी. त्याला विचारलं – लांगरी शेडगे संगीन घेऊन, जयजयकार करत दुश्मनावर धावून गेला, हे तुम्ही पाहिलं का?

बसाप्पा सरळ माणूस. म्हणाला, "नाही बा. असं कोण धावलेलं मी बघितलो नाही."

संपलं! अर्ज परत!

नानाची साठी उलटलेली. गुडघे कुरकुरायला लागलेले. बायकोला, तान्हाकाकीला म्हणायचा, "एकदा गं. पाय हैत तवर एकदा देवाला पुढनं खांदा लागू दे. मग मेलो तरी चालंल."

काकी म्हणायची, "मरायचं मागनं बघू. आधी शेळीला पाणी दावा."

पण मंडळी, पाठ फिरली की तीच काकी भैरोबाला म्हणायची, "देवा, माझा माणूस फुगवून सांगतो, पर खोटा न्हाई रे."

आणि एका यात्रेला काय झालं! गावातल्या निवृत्त फौजींचे म्होरके, सुभेदार जगदाळे. पासष्टच्या लढाईतला माणूस. मिशा अशा, की एका टोकाला लिंबू ठेवावं! पुढच्या दांडीचा उजवा खांदा त्यांचा. त्यांनी त्या वर्षी पाहुणा म्हणून कुणाला बोलवावं? बसाप्पा हुक्केरीला! मनात हेच, की एकदा समोरासमोर होऊन जाऊ दे. दरसालची कटकट मिटू दे.

सकाळची वेळ. पालखी सजलेली. सगळं गाव देवळापुढं. बसाप्पा खुर्चीवर, डोक्याला पांढरा रुमाल. सुभेदार म्हणाले, "येसूनाना, हे तुमचे साक्षीदार. सांगा काय सांगायचंय ते."

नाना उभा राहिला. छाती काढली. आणि सगळी गोष्ट सांगितली – संगीन, धाव, जयजयकार! रणगाडा तेवढा सोडला. साक्षीदारापुढं रणगाडा आणायची छाती झाली नाही.

बसाप्पानं शांतपणे ऐकलं. मग दोन्ही हात जोडले. "तुम्ही वडीलधारे माणूस. पण खोटं कसं बोलू? असं कोण नव्हता हो तिथं."

पारावर खसखस पिकली. नानाची छाती सुईनं टोचल्यासारखी खाली गेली.

"एक होता," बसाप्पा म्हणाला. "पण तो धावला नाही. तो रडत होता."

हसणारे ऐकायला पुढं सरकले.

"मशीनगनवाला पडला. माझ्या कपाळाला लागलं. रक्तानं डोळे भरले, काय दिसेना. मग कोणतरी धपकन खंदकात आला, गनवर बसला आणि चालवायला लागला. आणि काय रडतो म्हणता! आये! आये गं! गनच्या आवाजातपण ऐकू येतंय! आणि वर आईलाच बोलतोय – आये, लबाड हैस तू! लबाड! मला तेव्हा तुमची मराठी अर्धी कळायची, पण लबाड कळायचं. मी म्हणालो, अरे देवा, आईला लबाड म्हणणारा हा कोण? पण गन थांबली नाही हो. रडणं थांबलं नाही आणि गनपण थांबली नाही. दुश्मन मागं फिरला. मला उचलून दवाखान्यात नेले. तो कोण, मला कळालंच नाही. आज मला नातवंडं हैत, ती त्याच्यामुळं. जिथं जुना फौजी भेटतो तिथं मी त्यालाच शोधतोय."

मंडळी, आता नानाकडं बघा. कानाच्या पाळ्या लाल झाल्यात. नजर पायाच्या अंगठ्यावर. कारण त्याला माहीत आहे, तो कोण ते! एक शब्द बोलला की खांदा मिळतोय. पण त्या शब्दाबरोबर सगळ्या गावाला कळतंय, की पारावरचा वाघ खंदकात आईच्या नावानं रडत होता. तुम्ही काय केलं असतं? खांदा धरला असता की अब्रू?

नाना अंगठ्यानं माती उकरत राहिला. आणि बायकांच्या घोळक्यातनं आवाज आला –

"अवो, आता का दातखीळ बसली? झोपंत तर धा घरांना ऐकू जाईल असं वरडता! आये, लबाड हैस म्हून!"

तान्हाकाकी! अहो, सगळं देऊळ हसलं! भैरोबासुद्धा शेंदरातनं हसला असेल!

बसाप्पा खुर्चीतनं उठला. "तुम्ही? आईला लबाड का म्हणालात?"

नानाचा आवाज बारीक झाला. सगळा मसाला उतरला. "आयेनंच मला सांगितलं हुतं," तो म्हणाला. "लांगरी हो म्हणाली. भाकरी थापणाऱ्याला गोळी लागत न्हाई म्हणाली. म्हून तर मी आचारी झालो. आन त्या दिवशी खिचडीची देगची घेऊन वर गेलो, तर गोळ्या गारांवाणी! गनवाला पडलेला. तुमी रक्तात. मला पळायचं हुतं. लई पळायचं हुतं. पर तुमी कण्हत हुता. मग काय करतो? शिकवलं हुतं तसं बसलो गनवर... आन मग आयेचा लई राग आला."

बसाप्पा म्हणाला, "एकदा ओरड."

"हितं? पावण्यांपुढं?"

"इथंच. डोळ्यांनी मी तुला बघितलोच नाही. कानांनी ओळखतो."

नानानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. काकीकडं बघितलं. काकीनं पदरात तोंड लपवून मान हलवली – मारा हाक! आणि नानानं डोळे मिटले, आणि पोटातनं, बेंबीच्या देठातनं हाक मारली – "आये गंऽऽ! लबाड हैस तूऽऽ!"

कावळे उडाले! पुजाऱ्याच्या हातातलं ताट कलंडलं! आणि बसाप्पानं धावत जाऊन मिठी मारली. "हाच! हाच तो! अरे, कुठं होतास तू इतकी वर्षं?"

नाना म्हणाला, "हितंच की. शिरा करत हुतो."

गाव हसतंय, रडतंय, दोन्ही एकदम. आणि मग सगळ्यांचे डोळे गेले सुभेदारांकडं. सुभेदार पुढं आले. मिशीवरनं हात फिरवला. खाकरले.

"नाना," म्हणाले, "मीबी."

"काय मीबी?"

"मीबी आयेलाच हाक मारली हुती. पासष्टला."

मागनं एक म्हातारा फौजी म्हणाला, "आन मीबी." दुसरा म्हणाला, "मीसुदीक." एक कोपऱ्यातनं म्हणाला, "मी आज्जीला मारली. आई ल्हानपणीच गेलीती माझी."

शाळेतले मास्तर चक्रावले. "अहो मग तो जयजयकार?"

"तो जिंकल्यावर, मास्तर! आधी कुणाच्या घशात आवाज हुता?"

सुभेदारांनी नानाला कडक सलाम ठोकला. आणि पालखीच्या पुढच्या दांडीचा उजवा खांदा – स्वतःचा हो, दुसऱ्याचा नव्हे! – रिकामा केला. "चला, शिपाई शेडगे." आणि स्वतः मागच्या दांडीला गेले, मिशांसकट!

पालखी उठली. गुलाल उडाला, खोबरं उधळलं. नानाचे गुडघे कुरकुरत होते, पण वाजंत्र्यांच्या गोंगाटात ऐकतोय कोण? काकी बाजूनं चालत ओरडत होती, "सांबाळून! देवाला पाडशीला!" आणि नाना पुन्हा रडत होता, आणि या खेपेला कुणालाही लपवत नव्हता. पुढं बसाप्पानं पलटणीला खरं ते सांगितलं, पलटणीनंही येसू शेडगे लढला म्हणून मान्य केलं. पण तोवर ओढ्याचं पाणी नानाच्या पायाला लागून गेलं होतं.

आता मंडळी, बोला. मान मागून घ्यावा का? कुणाच्या माना हलेनात आता!

नानानं फुगवून सांगितलं, ही त्याची चूक. पण पहिल्या वर्षी तो खरं सांगत होता, तेव्हा जांभई कुणी दिली? आपल्याला वाघच लागतो. माणूस भ्यायला, रडला आणि तरीही जागचा हलला नाही, हे आपल्याला पुरत नाही. मग तो बिचारा मिशा रंगवून येतो, आणि आपण म्हणतो – बघा, खोटारडा!

तुमच्या घरातही अशी कुणी आहे. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा जिनं संसार ओढला. ती सांगायला लागली की तुम्ही काय म्हणता? "झालं हिचं पुराण सुरू!" बरोबर ना? हसू नका, तिसऱ्या ओळीतले दादा, मी तुमच्याकडं बघतसुद्धा नव्हते! आज घरी जा, तिच्याजवळ बसा आणि म्हणा – सांग, पहिल्यापासून सांग. जांभई आली तर गिळा. ती मागते आहे यात तिची लाज नाही हो. इतकी वर्षं तिला मागायला लावलं, लाज तिथं आहे.

आणि देव तरी निराळा आहे का? आपण घसा साफ करतो, सूर धरतो, मग त्याला हाक मारतो. तो म्हणतो, गाणं छान झालं बाळ, पण हाक कुठाय?

तेव्हा टाळ उचला. आता नाव घ्यायचं. पखवाजाकडं बघून नको, आणि शेजारणीच्या साडीकडं बघून तर नकोच नको! भ्याला असाल तर भिऊन घ्या, रुसला असाल तर भांडून घ्या. लबाड म्हणा हवं तर त्याला, तो ऐकून घेतो. पण पोटातनं येऊ द्या! बोला... छे, हे काय? मोठ्यानं! अजून मोठ्यानं! माउलीला आणि शेजारच्या गावाला, दोघांनाही ऐकू जाऊ दे!